कोळशाच्या खोऱ्यांतले गायकवृंद

दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत पुरुषांचे गायकवृंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गात आले आहेत. साठ-सत्तर, कधी शंभराहून अधिक पुरुष चार फळ्यांत उभे राहतात : वरचा टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. समोर संगीत दिग्दर्शक, बाजूला पियानो किंवा ऑर्गन. दिग्दर्शक आणि वादक यांना मानधन मिळते, गाणाऱ्यांना काहीही मिळत नाही. उलट सभासद वर्गणी भरतात, कोट आणि टाय सांभाळतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तालमीला हजर राहतात. मैफल बहुधा कोणासाठी तरी असते. कधी चॅपेलच्या गळक्या छपरासाठी, कधी इस्पितळातल्या यंत्रासाठी, तर कधी खाणीत बाप गमावलेल्या कुटुंबासाठी. आज यातले अनेक गायकवृंद नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत. ही नोंदणी अलीकडची असली तरी ती ज्या कामाची आहे ते काम गायकवृंदांइतकेच जुने आहे. या खोऱ्यांत गाणे आणि परस्परांना सावरणे एकाच मुळातून उगवले आणि त्यांची वाढही बरोबरच झाली.

ते मूळ समजायचे तर आधी खोरे पाहावे लागते. रोंदा नदीच्या दोन फाट्यांच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मेंढपाळांची विखुरलेली वस्ती होती. सारी मिळून जेमतेम हजार माणसे. जमिनीखाली आगबोटींना हवा असलेला, धूर कमी आणि उष्णता जास्त देणारा कोळसा सापडला आणि १९११ पर्यंत त्याच चिंचोळ्या खोऱ्यात दीड लाखांवर लोक राहू लागले. १९१३ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणींतून सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला आणि त्यासाठी दोन लाखांहून अधिक माणसे जमिनीखाली आणि खाणीच्या तोंडाशी राबत होती. मुंबई बंदराला लागणाऱ्या आगबोटींच्या भट्ट्यांतही हा कोळसा जळत असे. डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, खाली रेल्वे आणि खाणीचा मनोरा, आणि दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक चॅपेल, असे त्या गावांचे रूप होते.

ही चॅपेले इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांची होती : मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट. ती गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधली होती आणि त्यांचा कारभारही गावकरीच पाहत. वाद्ये, चित्रे, विधींचा थाट यांना तिथे फारसे स्थान नसल्यामुळे उपासनेतले सारे सौंदर्य गळ्यात येऊन बसले. प्रार्थनागीत साऱ्या सभेने, आणि तेही चार स्वरांच्या मेळात, गायचे असा प्रघात पडला. १८५९ मध्ये ईवान ग्विल्ट या धर्मोपदेशक-संगीतकाराने प्रार्थनागीतांच्या चालींचे पुस्तक काढले. त्यानंतर ‘कमान्वा गानी’ हे सामूहिक गायनाचे मेळावे खोऱ्याखोऱ्यांत भरू लागले. अनेक चॅपेलांची मंडळी एकत्र येत आणि महिनोन्‌महिने घोटलेली गीते दिवसभर गात. तिथे ऐकणारे आणि गाणारे असा भेदच नव्हता. श्रोता म्हणून आलेल्या माणसालाही आपल्या ओळी पाठ असत.

खाणीतल्या माणसाला चार स्वरांचा मेळ वाचता कसा आला, याचे उत्तर ‘टॉनिक सॉल-फा’ पद्धतीत आहे. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांसाठी तयार केलेली ही पद्धत जॉन करवेन या धर्मोपदेशकाने १८४० च्या दशकापासून वाढवली आणि रविवारच्या शाळांतून देशभर पोहोचवली. तिच्यात पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी लागत नाही. डो, रे, मी, फा यांची आद्याक्षरे, आणि मात्रा दाखवण्यासाठी उभ्या रेघा व टिंबे, एवढ्यावर काम भागते. मराठी वाचकाला यातले मर्म चटकन कळेल. गवई काळी एकमध्ये गावो की पांढरी पाचमध्ये, त्याचा षड्ज तिथेच लागतो आणि बाकीचे स्वर त्या षड्जाच्या नात्याने ओळखले जातात. करवेनचा ‘डो’ असाच सरकणारा आहे. स्वराचे नाव त्याच्या उंचीवर ठरत नाही, इतर स्वरांशी असलेल्या नात्यावर ठरते. भिंतीवर स्वरांचा उभा तक्ता टांगायचा आणि छडीने एकेक स्वर दाखवत गाऊन घ्यायचे, ही शिकवण्याची रीत. शिवाय ही लिपी साध्या छापखान्यातल्या साध्या खिळ्यांनी छापता येई, त्यामुळे गाण्याची प्रत अगदी स्वस्त पडे. शाळा लवकर सोडून खाणीत उतरलेला पोरगा काही हिवाळ्यांत हँडेल आणि मेंडेल्सझोन यांच्या मोठ्या रचनांतला आपला भाग वाचू लागे. संगीताच्या इतिहासात या पद्धतीला तळटीपेइतकीच जागा मिळते. श्रमिकांच्या हाती संगीत देण्याचे तिचे काम पाहता हा अन्याय आहे.

गाण्याला धार दिली ती स्पर्धांनी. ‘आइस्टेदवोद’ म्हणजे काव्य आणि संगीताचा स्पर्धामेळा. त्याची परंपरा ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात भरलेल्या मेळाव्यापर्यंत मागे नेली जाते. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रीय मेळ्याबरोबरच गावोगावी, चॅपेलांत, सभागृहांत, इतकेच काय खानावळींतही लहान-लहान मेळे भरत. अ‍ॅबरडेअरचा ग्रिफिथ ऱ्हिस जोन्स हा पेशाने लोहार. लोक त्याला ‘कराडॉग’ म्हणत. १८७२ आणि १८७३ या लागोपाठ दोन वर्षी साडेचारशेच्या आसपास गायकांचा ‘कोर माउर’, म्हणजे मोठा गायकवृंद, घेऊन तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेला गेला. पहिल्या वर्षी त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी लंडनच्या नावाजलेल्या गायकवृंदाला हरवले. इंग्रजी वृत्तपत्रांत ज्या खोऱ्यांची नावे एरवी स्फोट आणि संप यांच्या बातम्यांतच छापली जात, त्यांचे नाव गाण्यासाठी झाले. कराडॉगचा पुतळा आजही अ‍ॅबरडेअरच्या चौकात उभा आहे.

कराडॉगच्या वृंदात स्त्रियाही होत्या. केवळ पुरुषांचे वृंद ठळकपणे पुढे आले ते १८८० च्या दशकात. खाणीतला पुरुष दिवसभर ज्यांच्याबरोबर काम करी, ज्यांच्या भरवशावर डोक्यावरचे छत तोलून धरी, त्यांच्याच शेजारी संध्याकाळी गायला उभा राही. रोंदातल्या ट्रिऑर्की गावातला वृंद या साऱ्यांत सर्वाधिक प्रसिद्ध. त्याचा प्रारंभ १८८३ चा. गावातल्या ‘रेड काउ’ या खानावळीत भरलेल्या स्पर्धेत काही तरुणांनी एक पौंडाचे बक्षीस जिंकले आणि तिथून हा वृंद उभा राहिला. १८९५ मध्ये विल्यम थॉमस यांच्या दिग्दर्शनाखाली तो विंडसरच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीपुढे गायला. त्याआधी, १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात भरलेल्या आइस्टेदवोदमध्ये पुरुषांचे पहिले बक्षीस रोंदाच्याच एका वृंदाने मिळवले. स्त्रियांचे पहिले बक्षीस मिळवले ते कार्डिफच्या क्लारा नोव्हेलो डेव्हिस यांच्या वृंदाने.

याच काळात या वृंदांना गायला स्वतःच्या मातीतली गाणी मिळाली. जोसेफ पॅरी १८४१ मध्ये मर्थर टिडविलला जन्मला, नवव्या वर्षी खाणीत उतरला आणि तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला. पेनसिल्व्हेनियातल्या लोखंडाच्या कारखान्यात काम करता करता तो संगीत शिकला. पुढे लोकांनी गोळा केलेल्या निधीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याचे शिक्षण झाले आणि १८७४ मध्ये तो अ‍ॅबरिस्टविथच्या महाविद्यालयात संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. ‘मवान्वी’ हे त्याचे पुरुषवृंदासाठीचे प्रेमगीत आजही जवळजवळ प्रत्येक मैफलीत असते. पॅरीच्या शिक्षणासाठी पैसे देणारे बहुतेक लोक कामगारच होते. आपल्यातल्या गुणी मुलाला शिकवणे ही साऱ्यांची जबाबदारी आहे, ही समजूत तेव्हाच पक्की झालेली होती.

गायकवृंदांचे साहाय्यकार्य उभे राहिले ते खाणीतल्या धोक्यामुळे. छत कोसळणे, पाणी शिरणे, वायूचा स्फोट होणे हे नित्याचे होते. १८७७ मध्ये रोंदातील टिनेविड खाणीत पाणी शिरले आणि चार पुरुष व एक मुलगा हवेच्या एका पोकळीत अडकले. ते आठवड्याहून अधिक काळाने जिवंत बाहेर आले. अंधारात ते प्रार्थनागीत गात होते, ही हकिकत सगळीकडे पसरली. सेंगहेनिदच्या खाणीत १९०१ च्या स्फोटात ८१ माणसे गेली. त्याच खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी पुन्हा स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार व बचावपथकातला एक जण मृत्यू पावला. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाण-अपघात. नियमभंगाबद्दल व्यवस्थापकाला एकूण २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड दंड झाला. दोनशेहून अधिक स्त्रिया एका सकाळी विधवा झाल्या होत्या.

अशा मोठ्या दुर्घटनांसाठी देशभर निधी उघडले जात, वृत्तपत्रे आवाहने करत. पण खाणीत माणसे मरत ती मुख्यतः एकेकटी. एखादा मोठा दगड, एखादी निसटलेली डबागाडी आणि एक घर उघडे पडे. त्याची बातमी लंडनला जात नसे. १८९७ पर्यंत कामावरच्या अपघाताची भरपाई मिळवायची तर मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि कायदा झाल्यावरही मिळणारी रक्कम तुटपुंजी असे. या लहान, एकेकट्या संकटांची जबाबदारी गायकवृंदांनी घेतली. जखमी कामगारासाठी, विधवेसाठी, क्षयाने खंगलेल्या माणसासाठी ‘बेनिफिट कॉन्सर्ट’ ठरे. चॅपेल किंवा सभागृह फुकट मिळे, गायक फुकट गात, तिकिटे शेजारी-पाजारी विकली जात आणि जमलेली रक्कम घरी पोहोचती होई.

या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नसे. पैसे देणारा कोणी धनिक नसून तिकीट काढून गाणे ऐकणारा शेजारी होता. गाणारा कालपर्यंत त्याच पाळीत काम करणारा साथीदार होता. आज ज्याच्यासाठी मैफल झाली त्याने मागच्या वर्षी दुसऱ्यासाठी बासची बाजू सांभाळलेली असे. श्रीमंतांच्या दानधर्मात जी पायरी राहते ती इथे नव्हती. ट्रेडेगारच्या कामगारांनी १८९० पासून पगारातून ठरावीक रक्कम कापून स्वतःचे डॉक्टर आणि औषधोपचार उभे केले होते. त्या संस्थेत कामाचे धडे घेतलेल्या अन्युरिन बेव्हन या खाणकामगाराच्या मुलाने १९४८ मध्ये साऱ्या ब्रिटनसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. ट्रिऑर्कीचे ‘पार्क अँड डेअर’ सभागृहही कामगारांच्या पगारातल्या वर्गणीतून उभे राहिले : वाचनालय, सभेच्या खोल्या आणि पुढे नाट्यगृहासह. गायकवृंद हा याच कुळातला होता, फरक एवढाच की त्याची वर्गणी पैशाऐवजी आवाजात घेतली जाई.

संपाच्या काळात हे काम एका घरापुरते न राहता साऱ्या गावाचे झाले. याचे पहिले मोठे उदाहरण कोळशाच्या नव्हे, उत्तर वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीतले आहे. बेथेस्डा गावाजवळच्या पेनरिन खाणीत नोव्हेंबर १९०० मध्ये लॉर्ड पेनरिन आणि कामगार यांच्यातला झगडा पेटला आणि तो तीन वर्षे चालला. संपावर असलेल्या घरांच्या खिडक्यांत, ‘या घरात फितूर नाही’ अशा आशयाची पत्रके लागली. कामगारांना तीन वर्षे जगवायचे होते. बेथेस्डातून तीन गायकवृंद निघाले : दोन पुरुषांचे, एक स्त्रियांचा. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गावागावांत, कामगार सभागृहांत आणि चॅपेलांत गात ते निधी गोळा करून घरी पाठवत राहिले. गावाबाहेर कधी न गेलेल्या मुली महिनोन्‌महिने परक्या शहरांत, यजमान कामगारांच्या घरी राहून गात होत्या. झगडा अखेर कामगार हरले. पण तीन वर्षे गाव तग धरून राहिले त्यात या गाण्यांचा वाटा मोठा होता, आणि ब्रिटनभरच्या कामगारांना बेथेस्डाचे नाव कळले तेही याच वृंदांमुळे.

दक्षिणेकडच्या खोऱ्यांत ही वेळ १९२१ मध्ये आली. युद्धकाळात सरकारच्या ताब्यात असलेल्या खाणी मालकांकडे परत गेल्या, मजुरीत कपात जाहीर झाली आणि ती न मानणाऱ्या कामगारांना टाळेबंदीने बाहेर ठेवले गेले. अ‍ॅबरडेअरजवळच्या कुम्बाखमध्ये वस्तीतल्या अन्नछत्रांसाठी पैसा उभा करायला पुरुष एकत्र येऊन गाऊ लागले. त्यातूनच कुम्बाख पुरुष गायकवृंदाचा जन्म झाला. वेल्समधल्या सुरुवातीच्या सहकारी दुकानांपैकी एक १८६० मध्ये याच गावात निघाले होते, हे ध्यानात घेतले की या घटनेचे नवल वाटत नाही. १९२६ ची टाळेबंदी अधिक लांबली. खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी पुकारलेला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मिटला, खाणकामगार मात्र नोव्हेंबर अखेरपर्यंत झुंजत राहिले. अन्नछत्रे, मुलांचे बूट, आजाऱ्यांचे दूध यांसाठी गायकवृंद इंग्लंडच्या शहरांत रस्त्यांवर आणि सभागृहांत गात हिंडले.

रोंदातल्या टायलर्सटाउनचा पेन्डरस गायकवृंद १९२४ मधला. त्याचे बहुतेक सभासद खाणकामगार होते आणि थोड्याच वर्षांत त्यातले बरेचसे बेकार झाले. १९३० च्या दशकातल्या मंदीत रोंदामधल्या दहा कामगारांपैकी चारांच्या हाताला काम नव्हते. आर्थर डगन या दिग्दर्शकाने १९६० पर्यंत हा वृंद सांभाळला आणि बेकारांच्या वृंदाकडून अतिशय अवघड रचना बसवून घेतल्या. ज्याच्याकडे सकाळी उठून जायला ठिकाण नाही त्या माणसाला संध्याकाळी सात वाजता आपली जागा, आपली ओळ आणि आपल्यावाचून अडणारी एक फळी असते. तालीम हीच इथे एक मदत होती. निधीच्या हिशेबात ती कुठे दिसत नाही, म्हणूनच ती इथे सांगायला हवी. दोन महायुद्धांच्या दरम्यान चार लाखांहून अधिक माणसे कामाच्या शोधात वेल्स सोडून गेली. जिथे गेली तिथे त्यांनी वृंद उभे केले. ऑक्सफर्डजवळच्या मोटार कारखान्यात पोटापाण्यासाठी आलेल्या वेल्श कामगारांनी १९२८ मध्ये सुरू केलेला वृंद त्यातलाच.

या काळात खोऱ्यांशी एका परदेशी गायकाचे नाते जुळले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोब्सन १९२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये होते. वेल्सहून चालत आलेल्या बेकार खाणकामगारांचा जथा रस्त्यात गाताना त्यांनी ऐकला, ते त्यात सामील झाले आणि त्यांच्या परतीच्या प्रवासाची सोयही त्यांनी केली. सप्टेंबर १९३४ मध्ये ते उत्तर वेल्सच्या कारनारव्हॉनमध्ये गाणार होते. त्याच सुमारास, २२ सप्टेंबरला, रेक्सहॅमजवळच्या ग्रेसफर्ड खाणीत स्फोट होऊन २६६ जण मृत्यू पावले. रोब्सन यांनी आपले मानधन मृतांच्या कुटुंबांच्या निधीला दिले. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले, तेव्हा खाणकामगारांनी त्यांना विसरणे नाकारले. ५ ऑक्टोबर १९५७ रोजी पोर्थकॉलमधील खाणकामगारांच्या आइस्टेदवोदमध्ये अटलांटिकपलीकडून दूरध्वनीच्या तारेवरून रोब्सन यांचा आवाज सभागृहात आला आणि ट्रिऑर्कीच्या वृंदाने इकडून त्यांना गाऊन उत्तर दिले. पारपत्र पुढल्याच वर्षी परत मिळाले. मदतीची परतफेड मदतीने करायची हा खोऱ्यांतला शिरस्ता समुद्रापलीकडेही पोहोचला होता.

२१ ऑक्टोबर १९६६. मर्थर टिडविलजवळच्या अ‍ॅबरव्हॅन गावाच्या माथ्यावर खाणीतून निघालेल्या कचऱ्याचे डोंगर रचलेले होते. सकाळी सव्वानऊच्या सुमारास सातव्या क्रमांकाचा ढीग, पावसाने आणि खालच्या झऱ्याने भिजून, घसरला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर व शेजारच्या घरांवर कोसळला. ११६ मुले आणि २८ प्रौढ गेले. झऱ्यावर ढीग रचू नये हे माहीत असायला हवे होते, आणि गावकऱ्यांनी धोक्याबद्दल तक्रारीही केल्या होत्या. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशीने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. जगभरातून सुमारे १७ लाख ५० हजार पौंडांचा निधी जमला. पण उरलेले ढीग हटवायला मंडळ आणि सरकार तयार नव्हते. १९६८ मध्ये मृत मुलांच्या नावाने जमलेल्या त्या निधीतूनच दीड लाख पौंड ढीग हटवण्यासाठी घेण्यात आले. ती रक्कम परत मिळाली १९९७ मध्ये, तीही व्याजाविना. भरपाई म्हणून मोठी रक्कम वेल्सच्या सरकारने दिली ती २००७ मध्ये. एवढी कठोर गोष्ट ब्रिटिश सरकारच्या अलीकडच्या इतिहासात दुसरी शोधावी लागेल.

या गावात अनिसओवेन पुरुष गायकवृंद उभा राहिला. पुनर्बांधणीच्या आणि ढीग हटवण्याच्या मागणीच्या बैठकांना येणारे गावकरी, त्यांत मुले गमावलेले बापही, एकत्र गाऊ लागले. दुःखावर बोलायला समुपदेशक नेमण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आणि खाणकामगार पुरुषांनी आपल्या दुःखाबद्दल बोलावे अशी अपेक्षाही नव्हती. गाण्यात मात्र श्वास दुसऱ्याच्या श्वासाबरोबर घ्यावा लागतो. ज्याला बोलता येत नव्हते त्याला शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता येत होते. वृंदाने आणखी एक गोष्ट ठरवली : जगाने आपल्या गावाला मदत केली, आता आपण गाऊन इतरांसाठी पैसा उभारायचा. तेव्हापासून हा वृंद इतरांसाठी गात आला आहे. मदत घेणाऱ्या गावाने इतक्या लवकर मदत देणाऱ्याची भूमिका घ्यावी, यात खोऱ्याची सारी शिकवण आली. २०१६ मध्ये दुर्घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हाच्या स्मरणसोहळ्यातही हा वृंद गायला.

मार्च १९८४ ते मार्च १९८५ या वर्षभराच्या संपात जुनी रीत पुन्हा कामी आली. खाणी बंद करण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध दक्षिण वेल्समधले कामगार अखेरपर्यंत जवळजवळ एकजुटीने उभे राहिले. संपकरी खाणकामगारांचाच एक गायकवृंद तयार झाला. लंडनच्या ‘टेस्ट डिपार्टमेंट’ या गटाबरोबर, जो लोखंडाचे तुकडे, पत्रे आणि यंत्रांचे सांगाडे बडवून संगीत करीत असे, या वृंदाने मैफली केल्या आणि १९८५ मध्ये ‘शोल्डर टू शोल्डर’ ही ध्वनिमुद्रिका काढली. उत्पन्न संपकऱ्यांच्या निधीला गेले. चॅपेलची प्रार्थनागीते आणि कारखान्यातला खणखणाट एका तबकडीवर आले, आणि ते एकमेकांना परके वाटले नाहीत. १९८३ मध्ये कार्डिफमध्ये सुरू झालेला ‘कोर कोखियॉन’ हा स्त्री-पुरुषांचा वृंदही याच काळातला. तो भर बाजारपेठेत उभा राहून शांततेसाठी, वर्णद्वेषाविरुद्ध आणि अशाच कामांसाठी गातो आणि निधी जमवतो.

आजच्या मैफलीची घडण साधारण ठरलेली असते. आमंत्रण स्थानिक समितीचे असते. जीवरक्षक नौका, वेल्सची हवाई रुग्णसेवा, मुलांचे शुश्रूषागृह, कर्करोगाचे इस्पितळ किंवा एखाद्या आजारी मुलाचे उपचार असे कारण ठरते. वृंद बसभाडे तेवढे घेतो, कधी तेही घेत नाही. तिकिटांचे पैसे, मध्यंतरातली सोडत आणि कार्यक्रमपत्रिकेतल्या जाहिराती निधीत जातात. वृंदाचा स्वतःचा खर्च वर्गणी, आश्रयदात्यांची वार्षिक देणगी आणि ध्वनिमुद्रिकांची विक्री यांतून भागतो. मैफल संपली की गायक शेजारच्या क्लबात जमतात आणि कार्यक्रमात नसलेली गाणी तासन्‌तास गातात. याला ते ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. अनेक जुन्या सभासदांच्या मते खरे गाणे तिथेच होते.

या साऱ्या व्यवस्थेत स्त्रियांचे श्रम फार काळ मंचामागे राहिले. चहा, सँडविच, तिकीटविक्री, सोडतीच्या वस्तू, पाहुण्या गायकांची राहण्याची सोय हे सारे ‘लेडीज कमिटी’ करी आणि छायाचित्रात पुरुषांच्या रांगा दिसत. बेथेस्डाच्या मुलींचा आणि क्लारा नोव्हेलो डेव्हिस यांच्या वृंदाचा इतिहास समोर असताना वेल्श गायकवृंद म्हणजे पुरुषांचाच, असे चित्र जगभर रुजावे ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. उभ्या राहिलेल्या प्रत्येक निधीत या बायकांचा वाटा गाणाऱ्यांइतकाच आहे.

खाणी आता जवळजवळ उरलेल्या नाहीत. रोंदातली शेवटची खोल खाण, मार्डी, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. कामगारांनी स्वतः विकत घेऊन चालवलेली टॉवर खाण २००८ पर्यंत टिकली. चॅपेलांची दारे एकेक करून लागली. मुलांना सॉल-फा शिकवणाऱ्या रविवारच्या शाळा गेल्या, आणि त्याबरोबर वृंदांना आयते गळे मिळण्याची वाटही बंद झाली. आज अनेक वृंदांचे सरासरी वय साठीच्या पुढे आहे. वरच्या टेनरची फळी भरणे सर्वांत कठीण, कारण वयाबरोबर उंच स्वर आधी सुटतात. पाळीत एकत्र काम केलेल्या माणसांच्या जागी आता शिक्षक, निवृत्त पोलीस, दुकानदार, बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक आहेत. वेल्श न येणारे सभासद उच्चार लिहून घेऊन गातात. २०२० च्या महासाथीत एकत्र गाणेच धोक्याचे ठरले आणि वृंद महिनोन्‌महिने गप्प राहिले. ते ज्यांच्यासाठी निधी उभारत त्या संस्थांनाही त्याची झळ लागली.

या घसरणीला उत्तर म्हणून एक नवे काम उभे राहिले आहे. टिम ऱ्हिस-इव्हान्स यांनी २००० मध्ये ‘ओन्ली मेन अलाउड’ हा तरुण पुरुषांचा वृंद काढला आणि २००८ मध्ये बीबीसीवरच्या वृंदांच्या स्पर्धेत तो पहिला आला. २०१० चा राष्ट्रीय आइस्टेदवोद एबू व्हेलमध्ये भरला. पोलाद-कारखाना बंद पडल्याचा घाव बसलेले हे गाव. त्या मेळ्यासाठी त्यांनी खोऱ्यांतल्या किशोरवयीन मुलांचा ‘ओन्ली बॉइज अलाउड’ हा वृंद उभा केला. दोन वर्षांनी ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरील एका मोठ्या स्पर्धेत हा वृंद तिसरा आला. त्यानंतर हे काम चालवण्यासाठी ‘अलाउड’ ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. मुले दर आठवड्याला जवळच्या केंद्रात तालमीला येतात. प्रवेशासाठी आवाजाची चाचणी नसते आणि शुल्कही नसते. स्वरलिपी येत नसली तरी चालते. मार्गदर्शकांचे मानधन, प्रवास आणि मैफलींचा खर्च देणग्यांतून आणि तिकिटांच्या उत्पन्नातून भागवला जातो.